दुपारी एसी नुसती हवा फेकतो? गॅस भरण्याआधी बाहेरच्या युनिटची पाठ बघा

फालकेबाजार
एप्रिल कलला की आपल्या मंडळींत एकच रडगाणं: एसी चालतोय, पण गार होत नाही. मिस्त्रीला बोलवा, तो छतावर न चढताच सांगतो, "गॅस कम है." खिशाला कात्री लागते, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवला, आता निवृत्त आहे. माझं म्हणणं एवढंच की ग्वाल्हेरात या तक्रारीचं मूळ पुष्कळदा गॅसमध्ये नसतं. ते बाहेरच्या युनिटच्या पाठीवर बसलेल्या धुळीत असतं, आणि ती धूळ काढायला पैसे लागत नाहीत.

जरा हिशोब बघा. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उपसतो. कॉम्प्रेसर खातो ती दीडेक किलोवॅट वीजही शेवटी उष्णताच होते. ही सगळी उष्णता त्या बाहेरच्या पेटीला हवेत सोडायची असते. त्यासाठी आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी तरी जास्त तापलेला हवा, नाहीतर उष्णता बाहेर जाणार कशी? पुण्यात बाहेर ३५ असताना ५० वर भागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५, म्हणजे गाडी ६० पासून सुरू. त्यात कॉइलवर, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळीवर, धूळ बसली की हवा कमी जाते, आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो, तापतो, आणि ओव्हरलोड नावाचा बचावाचा स्विच त्याला बंद करतो. आतला पंखा मात्र फिरतच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं एसी चालू आहे. इन्व्हर्टर एसी तर बंदही पडत नाही, गुपचूप वेग कमी करतो. तिथे रोग ओळखणं आणखी अवघड.

ढोबळ खूण सांगतो. रात्री अकरानंतर छान गार होतं आणि दुपारी दोन ते सहा नुसती हवा, तर संशय बाहेरच्या युनिटवर घ्या. आतून झोतच मंद येत असेल तर आतली जाळी धुवा, ते दुखणं वेगळं. आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल तर एकतर आतली हवा अडली आहे, नाहीतर खरोखरच गॅस कमी आहे.

मोरारवाली
काका, आमचं युनिट छतावर आहे आणि समोरून अगदी चकाचक दिसतं. तरी धुवायचं?

फालकेबाजार
समोरून चकाचकच दिसणार, ताई. पंखा हवा मागून ओढतो आणि समोर फेकतो. धूळ येते ती पाठीकडून आणि बहुतेक युनिटांत डाव्या बगलेतून. कॉइल तिथेच आहे: तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ उभ्या पत्र्या, दोन पत्र्यांत दोन मिलिमीटरचीसुद्धा फट नाही. युनिट भिंतीकडे पाठ करून बसवतात, त्यामुळे ती बाजू वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नाही. मोबाइल मागच्या फटीत घालून फोटो काढा.

आणखी एक परीक्षा करा. एसी चालू असताना वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा पाठीकडच्या जाळीजवळ न्या. तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे आणि हात काढला तरी तिथेच राहिला पाहिजे. वरच्या अर्ध्यात चिकटतो आणि खालच्या अर्ध्यात गळून पडतो, असं झालं तर खालचा भाग तुंबलाय. छतावर टेकवलेल्या युनिटांचं खालचंच अंग आधी भरतं, रोज झाडू मारताना उडालेली धूळ सगळी तिकडे जाते.

मोरारवाली
फोटो टाकलाय. माझं मलाच बघवत नाहीये.

थाटीपूरकर
ताई, हे कॉइल आहे की नमदा!

खसकूलर
म्हणून म्हणतो, कूलर घ्या. खसाच्या टट्ट्या, तिघरा धरणाचं पाणी आणि सुगंध फुकट. कॉइलबिइलची भानगडच नाही.

मोरारवाली
खसवाले भाऊ, जुलैत या आमच्याकडे. त्याच कूलरसमोर बसवते तुम्हाला दुपारभर.

कंपूकर
मी घरच्या दोन्ही एसींची बाहेरची बाजू स्वतःच धुतो. माझी पद्धत लिहितो, काकांनी चुका काढाव्यात.

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा एसीचा मेन स्विच, खाली. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही, आत कुठेतरी करंट असतोच. मग दहा-पंधरा मिनिटं सोडून देतो, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. वायरिंगचा डबा तर उघडायचाच नाही. पहिल्यांदा कोरडा ब्रश, रंगकामाचा मऊ केसांचा. तारेचा ब्रश चुकूनही नको. पत्र्या उभ्या, म्हणून हातही वरून खाली. आडवा हात मारला की पत्र्या दुमडतात आणि जी वाट मोकळी करायची तीच बंद होते.

कोरडी धूळ निघाल्यावरच पाणी. बरेच जण सुरुवातच पाण्याने करतात. मग आंधीने आणून टाकलेल्या मातीचा फटीफटीत चिखल होतो, तो दुपारच्या उन्हात भाजून निघतो आणि मग ब्रशलाही दाद देत नाही. पाणी बागेच्या पाइपाने, तोंड अंगठ्याने न दाबता, वरून खाली सावकाश. खाली येणारं पाणी आधी चहाच्या रंगाचं असतं, ते स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवायचं. मग तासभर वाळू द्यायचं आणि एमसीबी वर.

फालकेबाजार
चुका नाहीत, एक भर घालतो. वरचं झाकण काढता येत असेल तर पाणी आतून बाहेर मारा. मळ बाहेरून आत घुसलाय, तो आल्या वाटेनेच परत गेला पाहिजे. बाहेरून जोरात पाणी मारलं तर थोडा मळ आणखी खोल जातो. मोठ्या युनिटांत कॉइलच्या दोन ओळी असतात, तिथे हे जास्त महत्त्वाचं. बाहेरची ओळ लखलखीत दिसते आणि दोघींच्या मधे सगळं तसंच असतं. फक्त झाकण काढल्यावर उजवीकडचा वायरिंगचा भाग आणि पंख्याची मोटर प्लास्टिकने नीट झाका. युनिट पावसासाठी बनवलेलं असतं, पण पाऊस वरून पडतो, आतल्या सर्किटवर पिचकारी मारत नाही. एसी वॉरंटीत असेल तर मात्र झाकण कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्या, उगाच वादाला जागा नको.

थाटीपूरकर
आमचा मिस्त्री बादलीत तेजाब, म्हणजे ॲसिड, घालतो. फसफस आवाज येतो, फेस येतो आणि कॉइल चांदीसारखं चमकायला लागतं. ते बरोबर आहे का?

फालकेबाजार
अजिबात नाही, आणि हे मी ठासून सांगतो. ती चमक मळ गेल्याची नसते, वरचं ॲल्युमिनियम खाल्लं गेल्याची असते. कॉस्टिक सोड्याचंही तेच. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, लोकांना वाटतं साबणाचा फेस आला. आधीच कागदासारख्या पत्र्या, त्या दरवर्षी आणखी पातळ होतात आणि काही उन्हाळ्यांनी बोट लावलं की भुगा. तुमच्या पत्र्यांवर निळा किंवा सोनेरी रंग असेल तर तो शोभेचा नाही, गंजापासून बचाव करणारा लेप आहे. तेजाबाने पहिल्यांदा तोच जातो.

साध्या धुळीला साबण लागतच नाही. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ युनिट असेल आणि तेलकट चिकटा बसला असेल तर बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा चमचाभर पुरे. दहा मिनिटं मुरू द्या, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने काढा.

दालबाजार
जेट सर्व्हिसबद्दल काय मत? मिस्त्री गाडी धुवायचा पंप घेऊन येतात हल्ली. आमच्या शेजाऱ्यांच्या युनिटची एका बाजूची पत्री जेटने सपाट आडवी झोपली. आता त्या पट्ट्यातून हवा जातच नाही.

फालकेबाजार
पंपाचा दोष नाही, हाताचा आहे. नोझल पंख्यासारखी पसरट धार देणारं हवं, दोन-तीन फूट लांबून आणि कॉइलला अगदी सरळ. तिरकी धार किंवा टोकदार धार जवळून मारली की पत्र्या झोपल्याच. शेजाऱ्यांना सांगा, पत्र्या सरळ करायची फणी मिळते. चिकाटीने बसलं तर बऱ्याच उभ्या राहतात.

सिटीसेंटर तिसरा मजला
आम्हाला उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्यानेच धुतलं तर?

फालकेबाजार
फरशी पुसा, संडासात ओता, कॉइलवर नको. आरओ क्षार बाजूला काढून त्याच पाण्यात सोडतो, त्यामुळे ते नळाच्या पाण्याहून जड असतं. वाळल्यावर पत्र्यांवर पांढरी पूड उरते. बोअरिंगचं खारं पाणीही शक्यतो टाळा. एखाद्या धुण्याने आभाळ कोसळत नाही, पण नेहमीची सवय नको. खरं उत्तम पाणी एसी स्वतःच देतो, आतल्या युनिटच्या पाइपातून टपकतं ते. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. शेवटचा हात त्या पाण्याने मारा.

सिटीसेंटर तिसरा मजला
पण काका, आमच्या पाइपातून हल्ली थेंबही येत नाही! मी तर तेवढ्यासाठी मिस्त्रीला फोन करणार होते.

फालकेबाजार
नका करू. लू चालू असताना हवेत वाफच नसते, टपकणार काय? हाच पाइप जुलैत बादल्या भरेल. मे महिन्यात पाइप कोरडा असणं हा आपल्या गावात रोग नाही.

खसकूलर
चेष्टा सोडून एक खरा प्रश्न. युनिटच्या मागे ओली टट्टी किंवा पोतं बांधलं तर? कूलरचंच तत्त्व, आत जाणारी हवा गार होईल.

कंपूकर
आमच्या गल्लीत एकाने हिरवी जाळी दुहेरी करून गुंडाळली होती, सावलीसाठी. उलट एसी आणखी लवकर बंद पडायला लागला.

फालकेबाजार
तत्त्व बरोबर आहे, आणि कोरड्या हवेत ते आपल्याइतकं चांगलं क्वचितच कुठे चालेल. मोठ्या कारखान्यांत अशी ओल्या पॅडची व्यवस्था करतातही. पण तिथे पॅड कॉइलपासून लांब आणि आकाराने खूप मोठा असतो, म्हणजे हवेला अडथळा होत नाही. घरी आपण पोतं थेट पाठीला बांधतो. गारव्याने जे मिळतं त्याहून जास्त हवा अडून जातं, शिवाय पोत्याचे धागे आणि पाण्यातले क्षार कॉइलवर बसतात ते वेगळंच. सावलीचंही तसंच. वरून चार हात उंच पत्रा किंवा मांडव असेल तर जरूर करा, पण बाजूंनी काही गुंडाळू नका. सावली आणि मोकळी हवा यांत एकच निवडायचं असेल तर डोळे मिटून हवा निवडा.

दालबाजार
याला जोडून: कूलर आणि एसीचं युनिट शेजारी शेजारी ठेवू नका. आमच्याकडे छतावर दोन्ही होते. युनिटची गरम हवा कूलर ओढायचा आणि पलीकडच्या खोलीतले कूलरच्या नावाने खडे फोडायचे.

सिटीसेंटर तिसरा मजला
आमचं युनिट बाल्कनीबाहेर लोखंडी अँगलवर आहे. पाठ भिंतीला चिकटून, जेमतेम चार बोटं. बिल्डरने समोर शोभेच्या आडव्या पट्ट्या ठोकल्यात. यांनी परवा कठड्यावर पाय ठेवून ब्रश मारायचा बेत केला होता, मी हाणून पाडला.

फालकेबाजार
फार चांगलं केलंत. तिसऱ्या मजल्यावरून वाकून कॉइल साफ करण्याइतकं कुठलंही बिल मोठं नसतं. कमरेला पट्टा बांधून काम करणारा माणूस बोलवा, आणि तो आलाच आहे तर अँगलचे बोल्ट आणि गंजही बघून घ्यायला सांगा.

पण तुमच्याकडे खरा दोष धुळीचा नसावा. मागे निदान वीतभर, समोर चार-पाच फूट मोकळं हवं. पट्ट्या समोर असल्या की फेकलेली गरम हवा त्यांना आपटून वळते आणि पुन्हा पाठीमागून आत जाते. युनिट आपलीच वाफ गिळत बसतं. एखादा छोटा थर्मामीटर दोऱ्याने युनिटच्या मागे, हवा आत जाते त्या बाजूला सोडून बघा. बाल्कनीतल्या सावलीपेक्षा तिथे सहा-सात अंश जास्त दिसले तर सोसायटीत पट्ट्या काढायचा विषय घ्या. धुऊन काही होणार नाही.

थाटीपूरकर
माझा ५ स्टार आहे तरी बिल डोळे पांढरे करतं. मग त्या स्टारला अर्थ काय?

फालकेबाजार
अर्थ आहे, पण तो नव्या, स्वच्छ मशिनचा आहे. स्टार ज्या आयएसईईआर आकड्यावरून ठरतो, म्हणजे हंगामभरात एवढ्या विजेत किती गारवा मिळतो त्यावरून, तो वर्षाला १६०० तास आणि बाहेर २४ ते ४३ अंश धरून काढतात. आपला मे त्या तक्त्याच्या बाहेर पडतो. त्यात कॉइल तुंबलेलं असेल तर पाच स्टार पाठीवरच्या धुळीखाली झाकले गेलेच म्हणून समजा. रिमोटवर १८ लावू नका, २४-२५ ठेवा आणि छताचा पंखा चालू ठेवा.

दालबाजार
मग गॅस खरंच कमी आहे की मिस्त्री थापा मारतोय, हे घरच्या माणसाने ओळखायचं कसं?

फालकेबाजार
हा लाखमोलाचा प्रश्न. मिस्त्रीकडे क्लॅम्प मीटर असतो, तो वायरला लावून अँपिअर दाखव म्हणावं, आणि युनिटवरच्या पाटीवरचा आकडा शेजारी वाचा. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसरवर ओझं कमी, अँपिअर खाली जातो. कॉइल तुंबलं असेल तर उलट, अँपिअर चढतो. दुपारच्या उन्हात अँपिअर पाटीवरच्या आकड्याच्या वर आणि मिस्त्री म्हणतो गॅस कम है, तर त्याला आधी युनिट धुवायला लावा, मग पुन्हा मोजा. इन्व्हर्टरमध्ये हा हिशोब इतका सरळ नाही, वेग सतत बदलत असतो. तिथे आधी धुणं हाच उपाय.

आणि गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतंय. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. पाटीवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. नव्या एसींत बहुधा आर-३२ असतो. तो हलका का होईना, पेट घेणारा गॅस आहे. भरताना काट्यावर वजन, आधी पंपाने नळ्यांतली हवा काढून व्हॅक्यूम, आणि जवळपास कोणी बिडी ओढू नये. "अंदाजे भर दिया" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

शिंदेछावणी
आमचं घर स्वर्णरेखेच्या नाल्याला लागून. दर एक-दोन वर्षांनी कॉइल गळतं. मिस्त्री म्हणतो, तुम्ही धूत नाही म्हणून. आम्ही तर इमानेइतबारे धुतो!

फालकेबाजार
तुमची केस वेगळी, आणि धुण्याचा त्यात दोष नाही. नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो. तो तांब्यावर काळा थर धरतो आणि बारीक छिद्रं पाडतो. गळती बहुतेक आतल्या कॉइलला होत असेल, बघून सांगा. ते ओलं राहतं, म्हणून तिथे हे जास्त चालतं. नळ्या काळ्या पडल्या असतील तर खात्रीच. साफसफाईने हे थांबत नाही. पुढच्या वेळी गंजरोधक लेप असलेलं कॉइल मागा, युनिट नाल्याच्या उलट बाजूच्या भिंतीवर न्या आणि त्या खोलीची नाल्याकडची खिडकी बंद ठेवा.

शिंदेछावणी
आतलंच आहे. आणि हो, नळ्या काळ्याकुट्ट. इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही हे.

मोरारवाली
काका, आज सकाळी धुतलं. कंपूकरांच्या पद्धतीने, आधी कोरडा ब्रश. मुलाने झाकण काढलं तर आत पारव्याचं घरटं! काड्या, पिसं, आणि विष्ठेचा वाळलेला थर. घरटं रिकामं होतं म्हणून बरं. आता?

फालकेबाजार
कोरडं खरवडू नका! पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेची पूड फुफ्फुसांना वाईट, कायमचा त्रास होऊ शकतो. तोंडाला चांगला मास्क, हातमोजे, आधी पाणी शिंपडून ओलं करा, मग उचला. कोरड्या ब्रशचा नियम इथे चालत नाही. कॉइलवरची विष्ठा भरपूर पाण्याने लगेच काढा, तिने धातूही गंजतो. पुन्हा येऊ नयेत म्हणून मोठ्या भोकांची पक्ष्यांची जाळी लावा, मच्छरदाणीची बारीक जाळी नको, ती पंधरवड्यात धुळीने भरेल. वायरींवर खारीचे किंवा उंदराचे दात लागलेत का, तेही आत्ताच बघून घ्या.

कंपूकर
वर्षातून किती वेळा धुवायचं, याचं उत्तर राहिलंच.

फालकेबाजार
मी तारखा बांधून देत नाही. मार्चअखेर एकदा, एसी सुरू करायच्या आधी. मग प्रत्येक मोठ्या आंधीनंतर नुसती नजर टाका आणि कागदाची परीक्षा घ्या. चिकटतोय तर सोडून द्या. बिलौआच्या दगड फोडणाऱ्या क्रशरच्या बाजूला किंवा बांधकामाशेजारी राहणाऱ्यांना कोरडा ब्रश महिन्यालाही फिरवावा लागेल. उगाच दर आठवड्याला पाणी मारत बसू नका, पत्र्यांनाही आयुष्य असतं.

मोरारवाली
शेवटचं विचारते. दिवाळीनंतर आम्ही युनिट प्लास्टिकमध्ये गच्च बांधून ठेवतो. ठीक ना?

फालकेबाजार
नको. आत ओल कोंडते आणि उंदरांना हिवाळ्याचं आयतं घर मिळतं. डोक्यावर फक्त एक प्लायचा तुकडा आणि त्यावर वीट, बाजू उघड्या. आणि मार्चमध्ये बटण दाबायच्या आधी ती वीट काढा, नाहीतर आवाजाने शेजारी धावत येतील.